फी कोणी दिली, वकील कोणाचा?

(राजापूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता, ‘मृत्युपत्र आणि वकिलाचा खर्च’. मुंबईच्या वर्तमानपत्रांत याला हल्ली ‘इस्टेट प्लॅनिंग’ म्हणतात. ते वाचून मी मनात आपल्या इस्टेटीची यादी केली. सामाईक सड्यावरचा चौदा जणांच्या नावाचा कातळ, दहा-बारा हापूसची कलमं, थोडी काजू, पावसाळ्यापुरती भातशेती, एक मांगर, राहतं घर, पोस्टातले चार पैसे आणि अंगावरच्या पाटल्या. यातलं सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर आपल्या नावाचं किती? हात वर करायला सांगणार नाही, कारण मागच्या मेळाव्यात सांगितलं होतं तेव्हा जे झालं ते आठवतंय. पाटल्यांवर सगळ्यांचे हात वर आले, घरावर चार.

तर प्रश्न असा येतो की, “ताई, आमच्याकडे आहेच काय, आणि त्यासाठी वकील कुठून परवडणार?” या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींत आपली फसगत होते.

आधी ‘आहेच काय’ हा भाग. राजापूर तालुक्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जमिनीला जे दिवस आले ते आपण बघितलेत. कोकण रेल्वे आली तेव्हा जमिनी गेल्या. माडबन, मिठगवाणे भागात अणुऊर्जा प्रकल्पासाठी गेल्या. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, पुन्हा मोबदला आला. नाणारला रिफायनरीची घोषणा झाली, २०१९ साली भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली, मग बारसू-सोलगावचं नाव आलं. ज्या कातळावर गुरं सोडण्यापलीकडे कुणी बघत नव्हतं, त्याची विचारणा करायला गाड्या यायला लागल्या. आणि कातळाला भाव आला की माहेराहून फोन येतो. “ये जरा, एक सही हवी आहे.”

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा भर उन्हात पुढे कोण बसलं होतं? बायका बसल्या होत्या. प्रकल्प हवा की नको हा आजचा विषय नाही, त्यावर या सभागृहातही दोन मतं असतील. पण त्या जमिनीसाठी पोलिसांच्या गाडीत बसायला तयार झालेल्या बायकांपैकी किती जणींचं नाव त्या सातबाऱ्यावर होतं, हे मी नंतर काही जणींना विचारलं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आता सहीची गोष्ट सांगते. आमच्याकडे एक बाई आली, साठीच्या पुढची. गाव सांगत नाही. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला. वडील वारलेले, दोन भाऊ, तीन बहिणी. भावाने गाडी पाठवली, तालुक्याला आणलं. कचेरीच्या बाहेर गाडीतच कागद पुढे केला. “वकिलांनी केलंय, सगळं बरोबर आहे.” हिने सही केली. पुढे काही महिन्यांनी हिच्या हातात पंचवीस हजार रुपये आले आणि सोबत हिशोबाची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘वकील फी व वरखर्च वजा जाता.’ म्हणजे तिने सही केली ती हक्क सोडल्याच्या कागदावर. तो कागद लिहिणाऱ्या वकिलाची फी तिच्याच पैशांतून गेली. आणि तो वकील तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता!

म्हणून मी म्हणते, वकिलाची फी किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, फी कोणी दिली? ज्याने त्याला नेमलं, त्याचा तो वकील. यात वकिलाला वाईट म्हणायचं कारण नाही, तो त्याच्या अशिलाचं काम करतो. चूक आपली होते, आपण “घरचाच वकील” असं समजतो. घराला वकील नसतो. भावाला असतो, बहिणीला असतो. सहीच्या आधी एवढंच विचारायचं, “वकीलसाहेब, तुम्ही माझे वकील आहात का?” हे विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उत्तर ‘नाही’ असेल तर कागदाची एक प्रत मागून घ्यायची, पिशवीत टाकायची आणि घरी यायचं. रागावतील. रागावू देत.

बहिणींच्या बाबतीत कायदा आज कुठे आहे ते पटकन सांगते. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि वडिलांची आई यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून केली, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या तिथेच बाद झाल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद गेला. त्यानंतरही “वडील २००५ च्या आधी वारले, तुझा हक्क नाही” असं सांगितलं जायचं. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेही मिटवलं. हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात असायला हवे होते असं नाही. अर्थात आधीच रीतसर वाटण्या झाल्या असतील तर त्या उकरता येत नाहीत. बौद्ध, जैन, शीख भगिनींनाही हाच कायदा लागू आहे.

या कायद्यामागे काय काय आहे, तेही कधी बोलू. ज्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवलं हे एक मोठं कारण होतं. आणि आपण गाडीत बसून सही करून देतो.

हक्कसोडीबद्दल आणखी दोन गोष्टी. तलाठ्यापुढे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे, “मला हिस्सा नको” असा जबाब दिला म्हणून जमिनीतला मालकी हक्क जात नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. तेव्हा पूर्वी असा जबाब दिला असेल तर सगळं संपलं असं समजून गप्प बसू नका, विचारून घ्या. दुसरं, वडील जिवंत आहेत, जमीन त्यांची स्वतःची आहे, आणि भाऊ म्हणतो “पुढे तुझा जो हिस्सा येईल तो आत्ताच सोड.” जो हक्क अजून आलेलाच नाही तो सोडता येत नाही. अशा कागदाला कायद्यात किंमत नाही. पण तो कागद दाखवून पुढे वीस वर्षं धाक दाखवता येतो, म्हणून त्यावरही सही नको.

आता आपल्या स्वतःच्या मृत्युपत्राकडे येऊ. आपल्याला वाटतं मृत्युपत्र हा पुरुषांचा कागद. बाईने केलं तर घरात कुजबुज, “हिला काय झालंय?” मी माझं करायचं ठरवलं आणि एका वकिलांकडे गेले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दाराकडे बघत विचारलं, “साहेब गाडी लावतायत का?” मी म्हटलं, साहेब घरी भात लावतायत, मृत्युपत्र माझं आहे. मग जरा वेळ त्यांना सुचेना!

बाईने मृत्युपत्र का करावं याचं एक खरं उदाहरण सांगते, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं. नारायणीदेवी नावाच्या बाई. १९५५ साली लग्न, तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी आल्या, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी केली, स्वतःच्या कमाईने सगळं मिळवलं. ११ जुलै १९९६ रोजी वारल्या. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. आईने अर्ज केला. त्या घराने चाळीस वर्षांत त्यांची विचारपूस केली नव्हती, तिथले नवऱ्याच्या बहिणीचे मुलगेही पुढे आले. २००९ साली निकाल लागला तो त्या भाच्यांच्या बाजूने. न्यायालय म्हणालं, प्रसंग कठीण आहे, पण कायदा सहानुभूतीवर चालत नाही. कायदा काय आहे? हिंदू बाई मृत्युपत्र न करता वारली, तर आधी मुलगे, मुली आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. बाईचे स्वतःचे आईवडील त्याच्या मागे. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पुरुषाच्या बाबतीत बायकोच्या माहेरची माणसं कधी अशी पुढे येतात का? हे कलम बदला म्हणून कितीतरी वर्षं मागणी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं नाही, पण बायकांनी, विशेषतः हिंदू बायकांनी, मृत्युपत्र करून ठेवावं असं आवाहन केलं. म्हणजे कायदा तसाच, सावध आपणच राहायचं. मला हा न्याय अर्धा वाटतो, पण तोवर कागद तर करून ठेवू.

त्या एका कागदाने नारायणीदेवींच्या आईचा सगळा खटला वाचला असता. त्या कागदाला खर्च किती? मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी तुम्हाला सही-अंगठा करताना पाहिलं आहे आणि ज्यांनी तुमच्यासमोर स्वतःची सही केली आहे. नोंदणी सक्तीची नाही. केली तर बरं, कारण आपल्याकडे “म्हातारीला कळत नव्हतं” हे वाक्य फार लवकर तयार होतं. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीची फी शंभर रुपये आहे. बाई अंथरुणाला खिळलेली असेल तर खास कारण दाखवून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं, त्याची कायद्यात सोय आहे.

साक्षीदार निवडताना डोकं वापरा. पुढे वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं. आपण काय करतो, मान म्हणून गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांची सही घेतो. ते आपल्याआधी जातात. आपल्यापेक्षा तरुण, गावातच राहणारी, मुंबईला न जाणारी माणसं घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि त्याने सगळी धावपळ करून कागद करून घेतला असंही दिसू देऊ नका. कोर्ट त्याकडे संशयाने बघतं. डॉक्टरांचा दाखला जोडला तर उत्तम.

मग वकील लागतो कशाला? सरळ गोष्ट असेल तर खरंच लागत नाही. घर माझ्या नावाचं, दोन मुली, दोघींना सारखं. हे एका पानात बसतं. पण सामाईक जमीन, कुळकायद्याची भानगड, दोन लग्नं, परागंदा मुलगा, मुंबईतली खोली, अपंग मुलीची सोय, असं काही असेल तर वकिलाकडे जा आणि पैसे मोजा. तिथे पाच हजार वाचवले तर पुढच्या पिढीचे पन्नास हजार जातात. मुंबईच्या खोलीचं एक सांगून ठेवते, कारण आपल्याकडे घराघरात चाकरमानी आहेत. मुंबई शहरातल्या घराजागेचं मृत्युपत्र असलं की हिंदूंना हायकोर्टातून प्रोबेट घेणं सक्तीचं होतं, त्याला कोर्ट फी, वकील, वर्ष-दोन वर्षं. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने ते कलम काढून टाकलं. तेव्हा कुणी अजून जुन्या हिशोबाने फी सांगत असेल तर विचारा.

फीचा आकडा मात्र मी सांगू शकत नाही. वकिलांना जाहिरात करता येत नाही, दरपत्रक लावलेलं नसतं. साध्या मृत्युपत्राला दोन हजार दिलेली बाई मला भेटली आहे, आणि तेवढ्याच कामाला पंधरा हजार दिलेलीही. पंधरावालीला मी विचारलं, काय काय धरलं होतं त्यात? तिला माहीत नव्हतं. भाजीची जुडी घेताना आपण देठ मोडून बघतो, आणि इथे विचारायला लाजतो. मसुद्याचे किती, टायपिंगचे किती, नोंदणीला सोबत येणार का, त्याचे वेगळे का, पुढे बदल केला तर किती. आधी विचारायचं, कागदावर लिहून घ्यायचं, पावती घ्यायची. ‘वरचा खर्च’ या शब्दाला पावती नसते हे ध्यानात ठेवा. आणि एक, “आत्ता काही देऊ नका, मोबदला आला की त्यातले इतके टक्के द्या,” असं कुणी म्हणालं तर उठून या. खटल्याच्या निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांच्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे.

आणि ज्यांना फी परवडतच नाही त्यांनी ऐका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्यात बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते. बाईला उत्पन्नाची अट नाही. गरीब असल्याचा दाखला मागितला तर सांगा की बाई असणं पुरेसं आहे. या मदतीत खटला लढवणं येतं तसा नुसता कायद्याचा सल्लाही येतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयातच असते, फोन करायचा तर १५१००. मिळालेला वकील प्रत्येक वेळी मन लावून काम करतो असं मी म्हणणार नाही, अनुभव दोन्ही तऱ्हेचे आहेत. पण निदान तो तुमचा वकील असतो, भावाचा नाही. कोर्ट फीचंही असंच. १ ऑक्टोबर १९९४ रोजी महाराष्ट्र सरकारने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या दाव्यांत बायकांची कोर्ट फी माफ केली. आपण पेढे वाटले. मार्च २००० मध्ये दुरुस्ती करून मालमत्तेचा वाद म्हणजे फक्त लग्नसंबंधातून आलेला, असं करून टाकलं. म्हणजे नवऱ्याशी भांडलीस तर माफी, भावाशी भांडलीस तर भर फी! सरकारला बहिणीची माया जरा जपूनच असते.

वारस नोंदीला वकील लागत नाही. नवरा गेला की तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं. नोटीस निघते, पंधरा दिवसांची मुदत जाते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. अर्जात मुलींची नावं गाळली जातात ती इथे. अर्ज कोण लिहितंय ते बघा, आणि मंजूर झाल्यावर पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी नाव वाचा. वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्या, नातवाकडून नको म्हणत नाही, पण नातीकडून घ्या.

बँकेत नाव लावलं म्हणजे झालं, असंही पुष्कळजणी समजतात. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. वारस वेगळे असतील तर त्यांना मागता येतं. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. माझ्या आईच्या पोस्टातल्या पैशांवर धाकट्या भावाचं नाव होतं. त्याने सगळ्यांना सारखं वाटून दिलं, हा त्याचा चांगुलपणा. आईने लिहून ठेवलं असतं तर त्याला चांगुलपणा दाखवायची वेळ आली नसती, आणि मधले सहा महिने आम्ही तिघं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलो नसतो.

बक्षीसपत्राबद्दल सावध करते. घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला, गेलेल्या मुलाच्या बायकोला बक्षीस द्यायची तर मुद्रांक फक्त दोनशे रुपये आहे. स्वस्त आहे म्हणून मुलं आग्रह करतात, “आई, आत्ताच करून टाक.” पण बक्षीसपत्र झालं की त्या दिवसापासून घर त्यांचं. मृत्युपत्र तुम्ही मरेपर्यंत दहा वेळा बदलू शकता. द्यायचंच असेल तर ‘मला आमरण राहू द्यावं, सांभाळावं’ ही अट लेखातच घाला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण अट लिहिलेली असली तर. दोनशे रुपयांचं काम म्हणून घाई केलेल्या दोन आज्या आता लेकीच्या घरी राहतात, ज्या लेकीला त्यांनी काहीच दिलं नव्हतं.

मुस्लिम भगिनी आज मोठ्या संख्येने आल्या आहेत. तुमच्याकडे नियम वेगळे आहेत. मृत्युपत्राने एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण तो ठरलेला आहे, आणि तोही पुष्कळदा “आमच्यात बहिणी घेत नाहीत” म्हणून दिला जात नाही. हे वाक्य मी हिंदू घरांत, बौद्ध घरांत आणि मुस्लिम घरांत अक्षरशः एकाच सुरात ऐकलंय.

“ताई, माहेर तुटेल त्याचं काय?” हा प्रश्न राहिला. याला माझ्याकडे कायद्याचं कलम नाही. काहींचं तुटलं. काहींचं भावजयीनेच जोडून धरलं, कारण तिलाही स्वतःच्या माहेरचा कागद आठवला. एका बाईने हिस्सा नावावर करून घेतला आणि कलमं भावाकडेच करायला ठेवली, दर वर्षी दोन पेट्या तिच्या घरी येतात. कुणी जाणूनबुजून हिस्सा सोडायचं ठरवलं तर तो तिचा अधिकार आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मात्र गाडीत बसून, न वाचता, दुसऱ्याच्या वकिलाच्या शब्दावर नको.

वेळ झाला. चहा आहे. ज्यांनी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा सही केलेला जुना कागद सोबत आणला आहे त्यांनी चहा घेऊन या डाव्या बाजूच्या टेबलाशी बसावं. दोन वकील मैत्रिणी आल्या आहेत, आज त्या फी घेणार नाहीत. ज्यांची एस.टी. पाचची आहे त्यांना आधी सोडा.